पोटी तीन

ज्वारीची रास झाली की
हेळवी येतो मुरूमला, आळंदच्या बाजूनं.
त्याचा आजा बैलावर बसून यायचा, पहाटे, घंटा वाजवत.
हा मोटारसायकलवर. घंटा मात्र तीच,
हँडलला सुतळीनं बांधलेली.

ओट्यावर बसतो. खताच्या पिशवीत गुंडाळलेली वही काढतो
आणि मांडीवर ठेवतो नुसती.
डोळे मिटून वाचतो.

निजलिंगप्पाचे पोटी मल्लप्पा, दुष्काळात गाव सोडलं.
मल्लप्पाचे पोटी गुरबसप्पा, करडीचा घाणा घातला.
गुरबसप्पाचे पोटी तीन.
थोरला रेवप्पा.

इथं थांबतो.
घागर भरत आली की नळाचा आवाज बदलतो ना,
तेवढा वेळ.

धाकटा सिद्रामप्पा.

(लेकींची नावं वहीत नसतात.
पंचावन्न वर्षं या घरात काढून माझंही नाही.
ते भांडण वेगळं, आज नको.)

मी विचारलं, मधला कोण?
म्हणाला, आजा इथं थांबायचा, बाप थांबायचा,
मी बी थांबतो बगा.
वही उघडून दाखवली.
शाई फुटलेली नव्हती, कसर लागलेली नव्हती.
बोटभर कोरी जागा, कुणीतरी जपून सोडलेली.

तीस वर्षं चौथीला शिकवलं मी.
लेकरांसाठी लिहायचं तर राजा-तलवारीवर भागत नाही,
ती भलतंच विचारतात.
त्याच्या पायात काय होतं?
पाटी फुटली तर मार कुणाचा बसायचा?
शाळेत मधेच लागली तर जायचं कुठं?

मग मी हिंडले. उमरग्याला जुने कागद पाहिले,
उर्दू वाचून घेतलं रिटायर मौलवीसाहेबांकडून.
हाली रुपयाला करडीचं तेल किती, ते मिळालं.
घरात कानडी, बाजारात मराठी, शाळेत उर्दू
असा एक पोरगा हळूहळू उभा राहिला,
तीन भाषांत शिव्या येणारा,
घाण्याच्या बैलाच्या डोळ्यांवरची झापड काढून
त्याला बाहेरचं दाखवणारा.
नाव ठेवलं चनवीर.

एक मात्र कबूल करते.
फसली तेराशे अठ्ठावीस सालचा ताप मला माहीत होता.
गल्लीत दिवसाला दोन-दोन जात होते,
आणि गुरबसप्पाची पोरं तेव्हा याच गल्लीत होती.
माझ्या गोष्टीत ताप नाही.
मी त्याला रातोरात बेन्नीतुरा ओलांडायला लावली,
कमरेला धपाटी बांधून,
आणि शेवटच्या पानावर पलीकडच्या काठावर सोडून दिला.
मग घरी आला का, बाई?
वर्गातल्या लेकरांनी विचारलं.
मी घंटेकडं बघितलं.

यंदा हेळवी आला तेव्हा
भावाचा नातू शिवतेज मांडी घालून समोर बसला होता.
गुरबसप्पाचे पोटी तीन. थोरला रेवप्पा.

चनवीर! शिवतेज ओरडला.

माझ्या पोटात खड्डा पडला.
मी रचलेलं पोर
खऱ्यांच्या रांगेत घुसून हजेरी देत होतं.
हेळव्यानं डोळे उघडले.
तुला कोण सांगितलं रे?
आज्जीनं. तो नदीच्या पल्याड हाय.

हेळवी माझ्याकडं बघत राहिला, बराच वेळ.
खिशातल्या पेनाला हात लावला नाही.
रागावला असावा, किंवा नसेल,
त्याचा चेहरा मला कधी वाचता आलेला नाही.
मग डोळे मिटून पुन्हा मागून धरलं.

गुरबसप्पाचे पोटी तीन.
थोरला रेवप्पा.

थांबला.
अंगणात घागर भरली, वाहायला लागली,
कुणी नळ बंद करायला उठलं नाही,
तरी अजून थांबलेला.